कण्यांसारखा बर्फ: वसंतातल्या स्की-भटकंतीचा आढावा

परळीत मार्च संपत आला की दुपारी घराबाहेर पडायला सबळ कारण लागतं. अशा गावात राहून बर्फावरच्या भटकंतीचा आढावा लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा घरात सगळे पोटभर हसले. पण विषय दिसतो तितका परका नाही. हिवाळ्याच्या शेवटी भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात. त्यांचाच प्रभाव कधी दक्षिणेकडे उतरला आणि समुद्रावरचं बाष्प त्याला येऊन मिळालं, की मराठवाड्यात गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथला कुठला शेतकरी विसरला असेल?

दुसरा धागा पंचांगाचा. केदारनाथाचे दरवाजे कधी उघडणार, हे उखीमठात महाशिवरात्रीला जाहीर होतं. ते उघडतात अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे. इकडे महाशिवरात्रीला वैद्यनाथाची यात्रा भरते. (वैद्यनाथ परळीचा की देवघरचा, या वादाचा आढावा मात्र मी कधीच घेणार नाही, मला याच गावात राहायचं आहे.) या दोन तिथींमधले दोन-अडीच महिने हाच ढोबळमानाने हिमालयातल्या वसंती स्कीचा हंगाम.

आधी खेळ काय आहे ते सांगतो. स्की रिसॉर्टमध्ये माणूस पाळण्यात बसून वर जातो आणि राखलेल्या उतारावरून घसरत खाली येतो. स्की टूरिंगमध्ये पाळणा नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची. तिला ‘स्किन’ म्हणतात. पूर्वी ती खरोखरच सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर किंवा नायलॉनची असते. केस मागच्या बाजूला वळलेले असल्याने स्की पुढे सरकते, मागे येत नाही. टाच मोकळी ठेवून तासन् तास चढायचं, वर पोचल्यावर पट्ट्या काढून पिशवीत टाकायच्या, टाच जखडायची आणि उतरायचं. उतारावर गस्त नसते, खुणेचे झेंडे नसतात. वसंतात, तेही तीव्र उतारांवर हे करावं का, कुणी करावं, कुणाच्या जबाबदारीवर करावं, यावर जगभर वाद आहे. आपल्याकडे तो आता कुठे सुरू होतो आहे.

नगारूची पहाट

मी स्की करत नाही. पण २०१६ च्या मेमध्ये परभणीहून सचखंड एक्स्प्रेस धरून आम्ही सहा जण सर पासला गेलो होतो. पार्वती खोऱ्यातला हा साधारण चार हजार दोनशे मीटरचा घाट मराठी ट्रेकर्सच्या अगदी पायाखालचा आहे. मेमध्ये कसोलच्या कॅम्पात उभं राहिलं की पुणे, नाशिक, लातूर सगळं एकाच रांगेत भेटतं. नगारूच्या तळावर वाटाड्याने आम्हाला पहाटे तीनला उठवलं. थंडीने बोटं वळत नव्हती आणि हा घाई करत होता. चालता चालता तो दर थोड्या वेळाने हातातली काठी बर्फात खुपसून बघायचा. काठी टणकन वाजली की पुढे. घाट ओलांडून पलीकडच्या उतारावर रेनकोट बुडाखाली घेऊन घसरलो तेव्हा वरचा दोन बोटं थर ज्वारीच्या कण्यांसारखा सुटा झाला होता आणि खाली अजून कडक होतं. तासाभराने मागची तुकडी आली ती मांडीपर्यंत रुतत.

वसंती स्कीचं सगळं गणित या दोन तासांत बसतं. दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर पाघळतो, रात्री आभाळ निरभ्र असेल तर त्यातली उष्णता वर निघून जाते आणि तो पुन्हा गोठतो. असं रोज घडत गेलं की बर्फाचे कण मोठे, गोल होत जातात. पहाटे तो फरशीसारखा कडक असतो, सकाळी वरवर सैल होतो आणि दुपारी त्याचा लगदा होतो. मधली ती सैल वेळ स्की करणाऱ्याचं सुख. इंग्रज तिला मक्याच्या दाण्यांची उपमा देतो, आपल्याला कण्या म्हणायला हरकत नाही. रात्री ढग असतील तर हवा कितीही गार असो, बर्फ नीट गोठत नाही आणि सकाळपासूनच दगा देतो. थंडी वाजली म्हणजे बर्फ भक्कम, हा नवख्याचा पहिला गैरसमज.

मागची सव्वाशे वर्षं

शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल मार्च १८९४ मध्ये दोघा स्थानिक भावांच्या सोबतीने दावोसहून आरोसाला स्कीवरून घाट ओलांडून गेला. त्यावर त्याने ‘स्ट्रँड’ मासिकात गमतीदार लेख लिहिला. त्यातही तीव्र उतारावर स्की सोडून बसून घसरण्याचा आणि त्यात विजार झिजल्याचा प्रसंग आहे. आमच्या रेनकोटांची परंपरा अशी जुनी आणि प्रतिष्ठित निघाली. १८९७ मध्ये विल्हेल्म पाउल्के याच्या चमूने बर्नीज ओबरलँडचा हिमप्रदेश स्कीवरून पार केला. पुढे हाच माणूस हिमस्खलनाच्या अभ्यासाकडे वळला. ऑस्ट्रियात माथियास झ्दार्स्कीने तीव्र उतारावर वळण घेण्याचं तंत्र बसवलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. पहिल्या महायुद्धात तो स्वतःच हिमस्खलनात सापडून हाडं मोडून घेऊन वाचला. खेळ आणि त्याचा धोका एकाच घरात वाढले. स्वित्झर्लंडने १९३० च्या दशकात दावोसजवळ बर्फाचा अभ्यास सुरू केला आणि १९४५ पासून हिमस्खलनाची पूर्वसूचना नागरिकांना द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे गुलमर्गला १९२७ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये तिथेच सैन्याची स्की शाळा निघाली, जिचं पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. म्हणजे भारतात स्की हे आधी सैनिकाचं अवजार, मग पर्यटकाचं खेळणं. टूरिंग करणाऱ्याचं वाहन ते अजून नीटसं झालेलं नाही. हिमस्खलनाचा अभ्यासही संरक्षण खात्याकडे गेला. १९६९ मध्ये मनालीला ‘सासे’ ही संस्था स्थापन झाली आणि २०२० मध्ये ती डीजीआरई या संस्थेत विलीन झाली.

तीव्र उतारांच्या स्कीचा भारताशी पहिला ठळक संबंध १९७७ चा. त्या वर्षी सिल्व्हॅं सोदॉं हा स्विस स्कीपटू ७,१३५ मीटरच्या नून शिखरावरून स्कीने उतरला. पण सामान्य हौशी माणसासाठी दार उघडलं ते दोन बांधकामांनी. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा २००५ मध्ये अफरवतच्या खांद्यापर्यंत, जवळपास चार हजार मीटरवर पोचला. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला आणि ऐन बर्फात लाहौल मनालीपासून गाडीच्या अंतरावर आलं. आधी तिथं जाण्यासाठी रोहतांग खुला होण्याची वाट पाहावी लागे, तोवर वसंत सरलेला असे. स्की माउंटनियरिंगला २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्थान मिळालं. ती शर्यत असते, भटकंती नव्हे. तरी तरुणांचे डोळे इकडे वळायला तेवढं पुरेसं आहे.

बर्फ मोजावा की नियम पाळावा

पहिला वाद शास्त्रातला, आणि मला सर्वांत रस याच्यात. ज्वारीची रास ओतून पाहा, ठरावीक कोनापलीकडे ती उभी राहत नाही, दाणे आपोआप घसरतात. बर्फाचे कण मात्र एकमेकांना धरून बसतात, म्हणून तो रासेपेक्षा खूप तीव्र उतारावर टिकतो. संकट तिथेच आहे. वर घट्ट लादी आणि तळाशी साखरेच्या दाण्यांसारखे सुटे स्फटिक अशी रचना झाली, की एका माणसाच्या वजनाने अख्खी लादी शहाबादी फरशीसारखी निखळून घसरते. बहुतेक घातक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात. स्कीला रंगत येते तीही याच कोनात.

एका पक्षाचं म्हणणं, खड्डा खणा, थर पाहा, त्यावर दाब देऊन चाचणी घ्या, मग ठरवा. दुसऱ्या पक्षाचा म्होरक्या स्विस मार्गदर्शक वेर्नर मुंटर. त्याचं म्हणणं असं की एका ठिकाणचा खड्डा वीस पावलांवरच्या उताराबद्दल काही सांगत नाही, त्यापेक्षा साधे नियम पाळा. धोक्याची पातळी पाचपैकी दोन असेल तर चाळीस अंशांच्या आत राहा, तीन असेल तर पस्तीस, चार असेल तर तीस. कारकुनी वाटणाऱ्या या नियमांनी आल्प्समधलं प्रशिक्षण बदलून टाकलं. खड्डावाले म्हणतात, नियमाने माणूस बर्फाकडे बघायचं विसरतो. नियमवाले म्हणतात, बर्फाकडे बघणारे तज्ज्ञच जास्त संख्येने गाडले गेले.

वसंतात दोन्ही पक्षांची थोडी पंचाईत होते. मुंटरचे नियम हिवाळ्यातल्या कोरड्या बर्फावर बेतलेले आहेत. ओल्या बर्फात प्रश्न ‘कुठे’ याहून ‘किती वाजता’ असा असतो. पाघळलेलं पाणी कमकुवत थरापर्यंत झिरपलं की सकाळी सुरक्षित असलेला उतार दुपारी कोसळतो. पूर्वेकडचा उतार आधी सैल होतो, मग दक्षिणेकडचा, शेवटी पश्चिमेकडचा. आल्प्समध्ये घोटलेली वेळापत्रकं इथे जशीच्या तशी लावताही येत नाहीत. गुलमर्ग चौतीस अक्षांशावर, आल्प्स सेहेचाळीसच्या आसपास. मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना गुलमर्गला दुपारचा सूर्य छप्पन अंशांवर असतो, तिकडे चव्वेचाळीसवर. ऊन इतकं सरळ पडत असेल तर घड्याळ पुढे धावणारच. शिवाय आपल्या अभ्यासकांनी पश्चिम हिमालयाचे तीन पट्टे पाडले आहेत. पीर पंजाल तुलनेने उबदार आणि दमट, मधला मुख्य हिमालय, आणि काराकोरम थंड, कोरडं. मनालीचा अनुभव तिन्हीकडे चालेल असं नाही.

माणूस आणि त्याची अवजारं

दुसरा वाद माणसाच्या डोक्याचा आहे. अमेरिकेतल्या इयान मॅकॅमनने दोन दशकांपूर्वी जुने अपघात तपासून दाखवलं, की गाडले गेलेले बरेच लोक अडाणी नव्हते, प्रशिक्षित होते. ओळखीचा उतार, ठरलेला बेत मोडायचा नाही हा हट्ट, पुढाऱ्यावर आंधळा विश्वास, दुसऱ्या कुणाआधी ताज्या बर्फावर उतरण्याची घाई, अशा सापळ्यांनी त्यांना ओढलं. ही मांडणी आता जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात. त्यावरचा आक्षेपही वजनदार आहे. हीच लक्षणं सुखरूप घरी परतलेल्या किती गटांत होती, ते कुणी मोजलं? अपघातच तपासले तर प्रत्येक गोष्ट सापळा दिसते.

अवजारांचं तसं कमी वादाचं आहे. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं असलं पाहिजे, यावर एकमत. गाडलेल्याच्या अंगावरचा ट्रान्सीव्हर संदेश सोडतो, सोबती दिशा पकडतात, प्रोबच्या सळईने टोचून जागा नक्की करतात आणि उपसतात. किती वेळात? स्विस नोंदींवर बेतलेल्या २०२४ च्या अभ्यासानुसार पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत ९१ टक्के जगतात. तीस मिनिटांपर्यंत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर येतं. वसंतातला ओला बर्फ थांबला की वाळलेल्या गाऱ्यासारखा घट्ट बसतो, उपसायला जड जातो. दहा मिनिटांत हेलिकॉप्टर कुठलंच येत नाही. येतो तो फक्त सोबती, आणि त्याला फावडं कसं मारायचं हे येत असेल तरच.

पाठीवरच्या एअरबॅगचा उपयोग होतो तो पोत्यातल्या न्यायाने: पोतं हलवलं की मोठे खडे वर येतात, फुगा फुगला की माणूस मोठा खडा होतो. २०१४ च्या एका अभ्यासात गंभीररीत्या सापडलेल्यांत फुगलेल्या एअरबॅगमुळे मृत्यूचं प्रमाण २२ वरून ११ टक्क्यांवर आलेलं दिसलं. पण खाली कडा असेल तर फुग्याचा उपयोग काय, आणि पाठीवर फुगा आहे म्हणून माणूस अधिक तीव्र उतार निवडतो का, या प्रश्नांवर अजून खल चालू आहे. आणि ही सगळी सामग्री नव्याने घ्यायची तर मोटारसायकलीपेक्षा महाग पडते, हे आपल्या पोरांनी आधी ऐकलेलं बरं.

आपल्याकडचं घोडं कुठे अडतं

भारतात या प्रश्नावर तीन बाजू ऐकू येतात. पहिली गिर्यारोहकांची: डोंगर मोकळा असावा, माणसाने आपली जोखीम आपण घ्यावी, सरकारने प्रशिक्षण वाढवावं. मनाली, उत्तरकाशी, गुलमर्गच्या संस्थांतून शिकून आलेल्या मराठी मुलांचाही सूर साधारण असाच असतो. दुसरी बाजू नियमांची, आणि तिच्यामागे प्रेतं आहेत, ती नजरेआड करता येत नाहीत. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर पंधराव्या मैलापाशी हिमस्खलनात सात पर्यटक गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचाच होता. गुलमर्गजवळ फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटू आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू गाडला गेला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून आयोजकांची नोंदणी मागितली. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्याळांत, म्हणजे उंचावरच्या कुरणांत, रात्रीच्या मुक्कामाला बंदी केली. त्यामागे पर्यावरणाची चिंता होती, पण वसंतात तळ ठोकून वर चढणाऱ्यालाही ती अडवते. तिसरी बाजू खोऱ्यातल्या लोकांची, आणि ती सर्वांत कमी ऐकली जाते. हिवाळी पर्यटन सरलं आणि ट्रेकिंगचा मोसम सुरू व्हायचा आहे, अशा मधल्या रिकाम्या महिन्यांत वाटाड्यांना, हमालांना, होमस्टेवाल्यांना काम हवं आहे. बंदी आली की आधी त्यांची चूल विझते, आणि अपघात झाला की शोधायलाही आधी तेच धावतात.

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण माझ्या मते तिघेही ज्यावर बोलायला हवं त्याच्या कडेने जातात. मुंटरचा नियम असो की न्यायालयाचा, पाळायचा तर आजच्या धोक्याची पातळी आधी कळली पाहिजे. डीजीआरई पूर्वसूचना देते आणि ती जिल्हा प्रशासनामार्फत लोकांपर्यंत पोचते. पण तिचा साचा असा: अमुक जिल्हा, अमुक मीटरच्या वर, पुढचे चोवीस तास, मध्यम धोका. लष्कराच्या चौकीला किंवा रस्ता बंद करायच्या निर्णयाला एवढं पुरतं. स्कीवाल्याला हवं असतं पूर्वेचा उतार की उत्तरेचा, रात्री गोठला की नाही, दहाच्या आधी की नंतर. स्वित्झर्लंडमध्ये वसंतात ओल्या हिमस्खलनाचा धोका दिवस चढेल तसा कसा वाढेल, हे वेगळं सांगतात. हिमालयाचा पसारा, मोजमाप केंद्रांची विरळ संख्या आणि सीमेची नाजूक बाब पाहता तसं इथे लगेच होणार नाही, हे संस्थेच्या बाजूने म्हणायला हवं.

संपर्काचीही अडचण आहेच. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. परदेशी गिर्यारोहकांना त्यापायी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागल्याच्या बातम्या येतात. गाडल्या गेलेल्याला फोनचा उपयोग नाही, हे वर आलंच. पण पाय मोडून उतारावर पडलेल्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. सीमेची सुरक्षा आणि जखमी माणूस, यात मधला मार्ग काय, यावर ठोस काही पुढे आलेलं नाही.

हंगाम सरकतो आहे

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलल्या गेल्या आणि मार्चमध्ये झाल्या. त्याच फेब्रुवारीच्या २८ तारखेला उत्तराखंडात माणा गावाजवळ इतका बर्फ होता की सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमस्खलन येऊन आठ जण गेले. बर्फ उशिरा येतो आणि येतो तेव्हा एकदम येतो, असं खोऱ्यातले लोक म्हणतात. तसं असेल तर हिवाळ्यातलं बरंच स्की आपोआप वसंतात ढकललं जाईल. मग ताज्या बर्फाला बसायला वेळ मिळण्याआधीच त्यावर मार्चचं ऊन पडेल. वसंती हंगाम वाढेल की आणखी अरुंद होईल, याचं उत्तर मिळवायचं तर दर उताराच्या, दर दिवसाच्या नोंदी हव्यात.

नगारूच्या त्या वाटाड्याकडे अशा नोंदी होत्या. उतरून आल्यावर चहा पिताना त्याने खिशातून वही काढली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, पाच मोसमांची. तारीख, रात्री आभाळ मोकळं की ढगाळ, आणि सकाळी काठी पहिल्यांदा किती वाजता रुतली. त्या दिवसाची वेळ त्याने आमच्यासमोर लिहिली: ८.४०. खाली त्याच पानावर रेशनचा आणि बिडीचा हिशोब होता. फोटो काढू का, विचारलं. म्हणाला, काढा, पण बिडीवर अंगठा ठेवून काढा, घरी दिसायला नको.